कॅमेऱ्याची किंमत आणि छायाचित्राचे मोल

एखादे छायाचित्र आवडले की पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "कॅमेरा कोणता?" आणि छायाचित्र फसले की काढणाऱ्याच्या तोंडून पहिले उत्तर निघते, "कॅमेरा साधाच आहे ना!" अशा रीतीने यश आणि अपयश ही दोन्ही यंत्राच्या खात्यावर जमा होतात, ज्याने ते यंत्र हाती धरले त्याच्या खात्यावर काहीच उरत नाही. "नाचता येईना, अंगण वाकडे" ही आपली म्हण याच वृत्तीला हसते. परंतु तिच्यात दोष नेहमी नाचणाऱ्याचाच असतो. अंगण कधी खरोखरच वाकडे असू शकेल, ही शक्यता ती विचारात घेत नाही. म्हणूनच महागड्या साधनांनी माणूस अधिक चांगला छायाचित्रकार होतो काय, या प्रश्नाचे उत्तर एका म्हणीने देऊन मोकळे होता येत नाही. अंगण केव्हा वाकडे असते आणि केव्हा नसते, हे मोजून पाहावे लागते. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा आहे असे कोणी समजू नये. चांगल्या भिंगासह मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यावयाचा म्हटले तर आज रक्कम सहज लाखाच्या पुढे जाते. ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी महाविद्यालयात आली आहे, त्या घरात एवढ्या रकमेवर विहिरीवरची मोटार, धाकट्या भावंडांची फी आणि पावसाळ्यापूर्वी बदलावयाचे पत्रे यांचा हक्क आधी असतो. माझेही घर अशाच घरांपैकी एक आहे. महागड्या साधनांवाचून ही कला साधतच नाही, हे जर खरे असेल तर आपल्यापैकी अनेकांनी आरंभीच हात टेकलेले बरे. उलट, साधनांना काहीच महत्त्व नाही, सारे काही नजरेत असते, असे म्हणून कोणी आपली पाठ थोपटली तर तीही एक फसवणूकच होईल. कारण तसे सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या गळ्यात उत्तम कॅमेरा लटकत असतो. तेव्हा खरे काय ते पाहिले पाहिजे.

किंमत कशी उतरत गेली

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर या कलावंताची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे, आयोडीन आणि पाऱ्याची वाफ असा तिचा खटाटोप होता, आणि तो सामान्य माणसाला परवडणारा नव्हता. आपल्याकडे ही कला फार लवकर पोहोचली. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील जाणते छायाचित्रकार होते. परंतु हे सारे वर्तुळ डॉक्टर, अधिकारी आणि संस्थानिक यांचे होते. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रणाकडे वळलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ यांच्यामागेही संस्थानिकांचा आणि बड्या अधिकाऱ्यांचा आश्रय होता. काचेच्या जड पट्ट्या, रसायने आणि त्या वाहून नेणारी माणसे एवढा सरंजाम पदरी असल्यावाचून छायाचित्रकार होताच येत नव्हते.

ही भिंत पाडली ती अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांनी. १८८८ साली त्यांनी कोडॅक नावाचा कॅमेरा २५ डॉलरला विकावयास काढला. त्यात १०० छायाचित्रांचा रोल भरलेला असे. बारा वर्षांनी, १९०० साली, त्याच कंपनीचा ब्राउनी हा पुठ्ठ्याच्या पेटीसारखा कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. आपल्याकडे पुढे बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-३ हा अनेक मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा ठरला. एका रोलवर बारा छायाचित्रे निघत, आणि त्या कॅमेऱ्यावर फिरवण्याजोगे जवळजवळ काहीच नव्हते. आज तर ज्याच्या खिशात बऱ्यापैकी फोन आहे, त्याच्या खिशात कॅमेराही आहे.

बारा वर्षांत किंमत पंचविसाव्या हिश्श्यावर आली; म्हणून छायाचित्रे पंचवीस पटींनी वाईट झाली काय? तसे झाले नाही. ती पंचवीस पटींनी चांगलीही झाली नाहीत. वाढली ती काढणाऱ्यांची संख्या, आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रात येणाऱ्या माणसांची संख्या. राजेरजवाड्यांबरोबर अंगणातील आजी, शाळेतील पोरे आणि पाटावरची नवरीही छायाचित्रात आली. आमच्या घरी आजोबांचे एकच छायाचित्र आहे. तालुक्याच्या गावी, स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यासमोर ते काढलेले आहे. ते कोणत्या कॅमेऱ्याने काढले हे घरात कोणालाच ठाऊक नाही, आणि विचारावे असे कोणाला वाटलेही नाही. छायाचित्राचे मोल आणि कॅमेऱ्याची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

कॅमेरा करतो तरी काय?

कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी पेटी. तिच्यात प्रकाश किती आणि किती वेळ येऊ द्यावयाचा, एवढाच कारभार काढणाऱ्याच्या हाती असतो. भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर), शटर उघडे राहण्याचा वेळ आणि फिल्मची अथवा सेन्सरची संवेदनक्षमता (आयएसओ), या त्या कारभाराच्या तीन किल्ल्या. छिद्राचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात. आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान, आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. एका किल्लीने प्रकाश निम्मा केला तर दुसरीने तो दुप्पट करून घ्यावा लागतो. बाजारातील सर्वांत महागड्या कॅमेऱ्यालाही या हिशेबातून सुटका नाही.

जुने छायाचित्रकार कोणतेही उपकरण न वापरता उन्हातील प्रकाशाचा अंदाज करीत. लख्ख ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवावे आणि फिल्मचा जो आयएसओ आकडा असेल तितकाच शटरचा भाग धरावा. म्हणजे आयएसओ १०० असेल तर वेळ १/१०० सेकंद. या एका नियमावर लाखो रोल नीट निघाले आहेत. आजचा कॅमेरा हा हिशेब स्वतः करतो. हिशेब यंत्राने केला म्हणून काही बिघडत नाही. मात्र तो ज्याला कळतो त्यालाच यंत्र केव्हा चुकते तेही कळते. काळ्या फळ्यासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या सदऱ्यातील गुरुजींचे छायाचित्र घेऊन पाहावे. फळ्याचा काळेपणा पाहून यंत्र प्रकाश वाढवते आणि सदऱ्याच्या सुरकुत्या पार पुसल्या जातात. येथे महागडा कॅमेराही फसू शकतो, आणि प्रकाश एक-दोन पायऱ्या कमी करण्याची अक्कल साध्या फोनवरही चालते.

अंगण खरोखरच वाकडे असते तेव्हा

आता दुसरी बाजू. साधनावाचून काही छायाचित्रे निघूच शकत नाहीत, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

कबड्डीचे उदाहरण घेऊ. चढाई करणारा खेळाडू सेकंदाला पाच मीटर वेगाने झेपावला, तर १/६० सेकंदात तो सुमारे आठ सेंटिमीटर पुढे सरकतो. तेवढ्या वेळात घेतलेल्या छायाचित्रात त्याचा हात म्हणजे नुसता धूसर पट्टा होणार. वेळ १/५०० सेकंद केला तर तो केवळ एक सेंटिमीटर सरकेल आणि हात हातासारखा दिसेल. दुपारच्या उन्हात मैदानावर सामना असेल तर वरच्याच नियमाने आयएसओ १०० आणि छिद्र ५.६ असताना १/८०० सेकंद मिळतात, आणि स्वस्तातले साधे भिंगही पुरते. पण तोच सामना रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात असेल, आणि आयएसओ शक्य तितका वाढवूनही ५.६ छिद्राला जेमतेम १/६० मिळत असेल, तर १/५०० पर्यंत जाण्यासाठी आठपट प्रकाश हवा. आठपट म्हणजे तीन पायऱ्या : ५.६ वरून ४, ४ वरून २.८, २.८ वरून २. ज्या भिंगाचे छिद्र २ पर्यंत उघडते तेच भिंग येथे उपयोगी. नजर कितीही तयार असली तरी ती प्रकाश आठपट करू शकत नाही. येथे अंगण खरोखरच वाकडे आहे.

पक्ष्यांचेही तसेच. बुलबुल सुमारे वीस सेंटिमीटरचा. तो वीस मीटरवर बसला असताना ५० मिलिमीटरच्या भिंगातून त्याची प्रतिमा सेन्सरवर केवळ अर्धा मिलिमीटर पडते. ५०० मिलिमीटरच्या भिंगातून ती पाच मिलिमीटर पडते. चोवीस मिलिमीटर उंचीच्या चौकटीत अर्धा मिलिमीटर म्हणजे एक ठिपका. पाच मिलिमीटर म्हणजे पक्षी. असे लांब भिंग महाग असते, आणि त्याला पर्याय एकच : तासन्‌ तास दडून बसून पक्ष्याच्या जवळ जाणे. तो पर्यायही सर्व पक्ष्यांच्या बाबतीत चालत नाही.

इतिहासातही अशी उदाहरणे आहेत. घोडा भरधाव पळताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात काय, हे उघड्या डोळ्यांना कधीच कळले नव्हते. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून पळत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, आणि पाय उचललेले असतात हे सिद्ध झाले. त्या उद्योगामागे लेलँड स्टॅनफर्ड या धनिकाचा पैसा होता. तो नसता तर ती छायाचित्रेही नसती. दुधाचा थेंब पडताच उसळणारा मुकुट हॅरॉल्ड एजर्टन यांनी जगाला दाखवला तोही केवळ नजरेच्या बळावर नव्हे; त्यासाठी अत्यल्प काळ चमकणारा दिवा त्यांना तयार करावा लागला.

मात्र या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. प्रश्न आधी होता, साधन नंतर आले. घोड्याच्या पायांचा प्रश्न कोणाला पडलाच नसता तर ते ओळीने मांडलेले कॅमेरे काय कामाचे होते?

मेगापिक्सेलचा हिशेब

विक्रेते ज्या आकड्यांचा गाजावाजा करतात त्यांचेही गणित करून पाहावे. ए-४ आकाराच्या कागदावर उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. त्या मानाने लांबीला ३५०८ आणि रुंदीला २४८० ठिपके लागतात; गुणाकार सुमारे ८७ लाख, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल. एखाद्या वार्षिक अंकाचे पूर्ण पान छायाचित्राने भरावयाचे असले तरी १२ मेगापिक्सेल पुरून उरतात. आणि १२ चे ४८ झाले म्हणजे तपशील चौपट दिसतो असेही नाही. चौपट होते ती ठिपक्यांची एकूण संख्या; लांबीच्या दिशेने ते फक्त दुप्पट होतात. भिंतीएवढी प्रत काढणाऱ्याला अथवा छायाचित्राचा कोपरा कापून मोठा करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. इतरांसाठी तो केवळ आकडा आहे.

सेन्सरच्या आकाराचा फायदा मात्र खरा आहे. ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर होते, तर त्याखालच्या प्रचलित आकाराचे सुमारे ३६७. म्हणजे मोठा सेन्सर सव्वादोन पटींहून थोडा अधिक प्रकाश गोळा करतो. वर सांगितलेल्या पायऱ्यांच्या भाषेत ही जेमतेम सव्वा पायरी. फोनचा सेन्सर याहून कितीतरी लहान असतो, म्हणून अंधार पडला की त्याची दमछाक होते, आणि अनेक छायाचित्रे भराभर घेऊन ती एकत्र जुळवण्याची युक्ती त्याला करावी लागते. ज्याला रात्री काम करावयाचे आहे त्याला ही सव्वा पायरी मोलाची आहे. ज्याला सकाळच्या उन्हात बाजारपेठ टिपावयाची आहे त्याला ती कळणारही नाही.

३० जानेवारी १९४८

येथवर आकड्यांचा विचार झाला. पण ज्या छायाचित्रांनी माणसांची मने हलवली त्यांचा उलगडा आकड्यांनी होत नाही. यासाठी आपल्याच देशातील एक प्रसंग पाहण्याजोगा आहे.

मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकेच्या 'लाइफ' नियतकालिकाच्या नामवंत छायाचित्रकार होत्या. पैशाची आणि साधनांची त्यांना वाण नव्हती. १९४६ साली पुण्यात त्या गांधीजींचे छायाचित्र घेण्यासाठी गेल्या, तेव्हा आधी सूत कातावयास शिकून या, असे त्यांना सांगण्यात आले. चरखा कसा चालतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने चरखा चालवणाऱ्याचे छायाचित्र कसे घ्यावे, असा त्यामागील विचार होता. त्या शिकल्या. गांधीजींना डोळ्यांवर येणारा झगझगीत प्रकाश सहन होत नसे, म्हणून फ्लॅशचे तीनच बल्ब वापरण्याची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्या बल्बला जे मिळाले ते चरख्यामागे बसून वाचन करणाऱ्या गांधीजींचे जगप्रसिद्ध छायाचित्र. साधने उत्तम होती. तरीही दोनदा ती अपयशी ठरली. छायाचित्रात पुढे मोठा चरखा आणि मागे कृश गांधीजी अशी जी मांडणी आहे, ती काही बल्बने केलेली नाही.

दीड-दोन वर्षांनी गांधीजींची हत्या झाली, तेव्हा बर्क-व्हाइट दिल्लीतच होत्या. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हेही तेथेच होते. त्याच दिवशी काही तास आधी दोघेही गांधीजींना भेटलेले होते. बिर्ला भवनात शोकमग्न माणसांच्या गर्दीत बर्क-व्हाइट यांनी कॅमेरा लपवून नेला आणि फ्लॅशचा झगझगाट करून छायाचित्र घेतले. माणसे संतापली. त्यांची फिल्म काढून घेण्यात आली आणि त्यांना बाहेर जावे लागले. कार्तिए-ब्रेसाँ यांच्याजवळ लायका हा लहान कॅमेरा होता. फ्लॅश न वापरता, असेल त्या उजेडात, कोणाच्या दुःखात अडथळा न आणता ते काम करीत राहिले, आणि त्या दिवसांची त्यांची छायाचित्रे जगभर गेली. त्यांपैकी एकात पंडित नेहरू बिर्ला भवनाच्या फाटकापाशी लोकांना गांधीजींच्या मृत्यूची वार्ता सांगत आहेत. दिव्याचा अपुरा उजेड, चेहरे हललेले, सारेच धूसर. आजच्या एखाद्या स्पर्धेत परीक्षकांनी 'फोकस नाही' म्हणून ते बाजूला टाकले असते. पण त्या रात्री देशाच्या डोळ्यांसमोर जी धूसरता आली होती, तीच त्या छायाचित्रात आहे.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. लायका हा काही गरिबाचा कॅमेरा नव्हे. त्या काळीही तो महागच होता. म्हणून या प्रसंगाचा धडा 'स्वस्त कॅमेरा जिंकला' असा नाही. धडा असा की त्या खोलीत कोणते साधन शोभेल आणि कोणते शोभणार नाही, हे साधनाला कळत नाही. ते माणसालाच कळावे लागते.

या कथेला तिसरेही एक पात्र आहे. होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या होमाईंचे कलाशिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत झाले. स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स हे कॅमेरे घेऊन, साडी नेसून, प्रारंभीच्या काळात तर सायकलवरून त्या दिल्लीभर फिरल्या. ऑगस्ट १९४७ मध्ये लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, नेहरूंचे अनेक हसरे क्षण, आलेगेलेले परदेशी पाहुणे हे सारे त्यांच्या छायाचित्रांतून आपल्याला दिसते. ३० जानेवारीच्या त्या प्रार्थनासभेला जाण्यासाठी त्या निघालेल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी दोघे मिळून जाऊ, असे पतीने म्हटल्यावरून त्या परतल्या. पुढे आयुष्यभर त्यांना त्याची रुखरुख राहिली. हाताशी चांगला कॅमेरा होता, हात तयार होता, नजर तयार होती. फक्त त्या तेथे नव्हत्या. छायाचित्रणात 'तेथे असणे' हे कोणत्याही भिंगापेक्षा मोठे साधन आहे, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. १९७० साली त्यांनी हा व्यवसाय सोडला, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण देण्यात आले.

मग चांगला छायाचित्रकार कशाने होतो?

वरील उदाहरणांतून चार गोष्टी हाती लागतात : प्रकाशाची ओळख, उभे राहण्याची जागा, क्षणाची वाट पाहणे आणि विषयाची जवळीक. या चारही गोष्टी सरावाने येतात आणि कोणत्याही कॅमेऱ्यावर शिकता येतात.

प्रकाशासाठी एक खिडकी पुरे. घरातील एखाद्या माणसाला खिडकीपासून एक मीटरवर बसवावे, नंतर दोन मीटरवर. लहान खिडकी असेल तर दुसऱ्या ठिकाणी प्रकाश चौथाईच्या आसपास उतरतो, आणि चेहऱ्यावरील सावलीचा पोत बदलतो. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला हाच प्रयोग करावा. महिनाभरात प्रकाश वाचता येऊ लागतो. जागेसाठी एकच वस्तू, उदाहरणार्थ पाणवठ्यावरचा रहाट किंवा बसस्थानकावरील चहाची टपरी, पंचवीस ठिकाणांहून पाहावी. बसून, चढून, मागे सरून, उन्हाच्या उलट बाजूने. क्षणासाठी जुन्या रोलची शिस्त पुन्हा स्वीकारावी. फोनमध्ये हजार छायाचित्रे मावतात म्हणून हजार घेऊ नयेत. दिवसाला छत्तीसच, असा नियम घालून घ्यावा. संख्या ठरली की बोट आपोआप थांबते आणि डोळा काम करू लागतो.

चौथ्या गोष्टीत तर साध्या घरातील विद्यार्थ्याचे पारडे जड आहे. गौतम राजाध्यक्ष यांच्यासारख्या व्यक्तिचित्रणात निष्णात माणसालाही समोरच्याशी बोलून, त्याला मोकळे करून मगच त्याचा चेहरा मिळत असे. ऊसतोडीच्या फडावर, मासळीबाजारात, विड्या वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर शहरातील छायाचित्रकार लाखाचे भिंग घेऊन जातो, तेव्हा माणसे पदर सावरून ताठ बसतात. त्याच ओसरीवर आपली मुलगी फोन घेऊन बसली तर कोणी काम थांबवत नाही. बर्क-व्हाइट यांना चरखा शिकून यावे लागले. आपल्यापैकी अनेकांना तो चरखा जन्मतःच ठाऊक आहे. ही पुंजी ओळखली नाही आणि कॅमेरा नाही म्हणून हळहळत बसलो, तर ते मात्र खरे दारिद्र्य.

समारोप

मिरजेत तंबोरे करणारी घराणी आहेत. त्यांच्या हातचा, जवारी नीट लागलेला तंबोरा मागे असला की गवयाला आधार मिळतो, हे कोणीही नाकारणार नाही. पण तंबोरा गात नाही. आणि ज्याला सूरच लागत नाही त्याच्यामागे चार तंबोरे ठेवले तरी त्याचे बेसूरपण अधिकच उघडे पडते. कॅमेऱ्याचे नेमके असेच आहे. चांगले साधन माणसाच्या कक्षा रुंदावते : अंधारात, दूरवर, वेगात जे अशक्य होते ते शक्य करते. काय टिपावे आणि का टिपावे हे मात्र ते शिकवीत नाही.

म्हणून खरेदीसाठी एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. 'मला चांगला कॅमेरा हवा' असे न म्हणता, 'हे अमुक छायाचित्र मला आज घेता येत नाही, कारण अमुक' असे एक वाक्य ज्याला पूर्ण करता येते, त्यानेच साधनावर पैसा घालावा. रात्रीच्या कबड्डीसाठी मोठ्या छिद्राचे भिंग, पक्ष्यांसाठी लांब भिंग, हे ते वाक्य. ज्याला असे वाक्य सुचत नाही त्याने हप्त्यांवर कॅमेरा घेऊन घरच्यांवर भार टाकू नये. हाती आहे त्यावर आणखी वर्षभर काम करावे. एखादे दिवशी ते वाक्य आपणहून सुचेल.

आणि ज्याला ते वाक्य सुचले आहे पण ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याचे काय? पाठ्यपुस्तके विकत घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांनी पुस्तकपेढ्या काढल्या, आणि त्यांवर कितीतरी जण पदवीधर झाले. त्याच धर्तीवर कॅमेरापेढी का असू नये? एक बऱ्यापैकी कॅमेरा, मोठ्या छिद्राचे एक भिंग, एक लांब भिंग आणि एक तिकाटणे एवढी सामग्री ग्रंथालयात ठेवावी, आणि ज्याने वर्षभर साध्या साधनावर काम केल्याची छत्तीस छायाचित्रे दाखवली त्याला ती आठवड्याच्या मुदतीने द्यावी. एका विद्यार्थ्याला न पेलणारा खर्च अशा रीतीने शंभर विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल. प्राध्यापकवर्गाने आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी या सूचनेचा अवश्य विचार करावा. अंगण जेथे खरोखरच वाकडे आहे तेथे ते सर्वांनी मिळून सारखे करावयाचे असते. नाचणे मात्र ज्याचे त्यालाच शिकावे लागते.